सतराचा पाढा आणि रायीतला फोटो

माझा भिंतीवर लावण्यासारखा फोटो एकच आहे यावर आमच्या घरात सगळ्यांचं एकमत आहे, आणि त्या फोटोत मी नाही. बाई आहे एक. गोरी, गुळगुळीत, कपाळावरचं कुंकू तेवढं माझं. मागं मोठं झाड आहे. परवा सुनेनं तो उतरवून पुसला, मुलानं नवी फ्रेम करून आणली आणि दोघंही म्हणाली, आई, तुमचा हाच फोटो सगळ्यांत छान आलाय, आता कायम हाच ठेवू. कायम म्हणजे कशासाठी, ते न कळण्याइतकी मी खुळी नाही. माझं वय झालंय. हार कुठल्या फोटोला घालायचा ते घरच्यांनी आधी ठरवून ठेवलं तर त्यात रागावण्यासारखं काही नाही. तरी मी रागावले. दुपारचा चहा घेतला नाही आणि कुणी विचारलं तर डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

तो फोटो आमच्या ह्यांनी काढलेला. हे शेवगावातले फोटोग्राफर. बाजारपेठेत कापडाच्या दुकानावर आमचा स्टुडिओ होता. जिना असा उभा, की फोटो काढायला आलेल्या म्हाताऱ्या वर पोचल्यावर आधी तांब्याभर पाणी मागायच्या. वर एक खोली, तिच्यात लाकडी पेटीचा जुना कॅमेरा, एक खुर्ची, एक कुंडी आणि मागं रंगवलेला पडदा. पडद्यावर महालाच्या पायऱ्या आणि कारंजं. बाजूला काळ्या कापडानं बंद केलेली अंधारखोली, तिथं हे फोटो धुवायचे.

मुलगी दाखवायचा फोटो ही ह्यांची खासियत. तालुक्यात बोललं जायचं, की ह्यांच्या हातचा फोटो गेला म्हणजे पोरीचं जमतंच. त्याचं कारण मी सांगते. फोटोची काच उलटी असते. काचेवर काळं ते कागदावर पांढरं. हे ती काच उजेडासमोर धरायचे आणि बारीक टोकाच्या पेन्सिलीनं पोरीच्या चेहऱ्यावर हलके हलके टिपके देत बसायचे. काचेवर चेहरा काळा होत जायचा आणि कागदावर पोरगी गोरी. देवीचे व्रण जायचे, डोळ्याखालची काळी वर्तुळं जायची. ह्यात फसवाफसवी आहे असं त्यांच्या मनातसुद्धा कधी आलं नाही. आईबापाच्या जिवाला घोर असतो, माझ्या पेन्सिलीनं तो थोडा कमी झाला तर माझं काय जातं, असं म्हणायचे. मनानं फार चांगला माणूस. पुढं त्या पोरी नांदायला गेल्यावर फोटोतल्यासारख्या दिसायच्या नाहीत आणि त्यांना काय काय ऐकावं लागायचं, ते बायकाबायकांत माझ्या कानावर यायचं. ह्यांच्यापर्यंत ते पोचायचं नाही.

मी काळी. लोक चांगुलपणानं सावळी म्हणायचे, पण सावळी वेगळी आणि काळी वेगळी. मला बघायला हे आणि सासूबाई आल्या तेव्हा आतल्या खोलीत मला ऐकू जाईल अशा आवाजात सासूबाई म्हणाल्या होत्या, "पोरगी काळी हाय, पन चुनचुनीत हाय." ह्यांनी होकार दिला. का दिला ते मी कधी विचारलं नाही. दिवसभर चेहरे बघणारा माणूस, त्याला गोरी मिळाली नसती असं थोडंच आहे? लग्नानंतर महिन्याभरात आमच्या जोडीचा फोटो फ्रेम होऊन आला. बघते तर ह्यांच्या शेजारी कुणी भलतीच उभी. मी विचारलं, ही कोण हो? हे हसले. त्यांना वाटलं मी लाजून बोलतेय. मी फाटक्या तोंडाची म्हणून सगळ्या आळीत प्रसिद्ध. पाण्याच्या रांगेत भांडण लागलं तर लोक मला बोलवायला यायचे. पण त्या फोटोबद्दल मी पुढं एक शब्द बोलले नाही. वाटलं, ह्यांना मी जशी आहे तशी नको असेन, म्हणून तर पेन्सिल लावली. ते एकदा विचारून खात्री करून घेणं जिवावर यायचं.

माझं माहेर जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, अकोले गावाच्या पुढं राजूर आणि राजूरच्याही पुढं डोंगरात. वडील तिथं प्राथमिक शाळेत मास्तर. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. शाळेच्या मागच्या उतारावर देवाची राय होती. शेवगावच्या माणसाला राय सांगून कळत नाही. बाभळी आणि निंब बघितलेल्या माणसाला काय सांगणार, की झाडं इतकी दाट असतात की भर दुपारी आत गेलं तर स्वतःचा हात दिसत नाही? जांभळी, हिरडे, उंबर, आणि त्यांना वेढे घातलेल्या मांडीएवढ्या जाड गारंबीच्या वेली. खाली पाचोळा एवढा, की पाय रुतायचा. कुऱ्हाड तिथं पिढ्यान् पिढ्या लागलेली नव्हती. आत अनवाणी जायचं. पडलेली काटकीसुद्धा बाहेर आणायची नाही. येताना हद्दीच्या दगडापाशी कपडे झटकायचे, चुकून अंगाला पान चिकटलं असेल तर ते आतच पडावं म्हणून. आणि आत उजेड न्यायचा नाही. कंदील नाही, बॅटरी नाही, बिडी तर नाहीच. ती जागा अंधारातच राहायची आहे, असं गावचं म्हणणं.

दादा दर श्रावणात शाळेची सगळी पोरं रायीत न्यायचे. बाहेरच्या उजेडातून आत शिरलं की पहिल्यांदा नुसतं काळं. पोरं एकमेकांचे सदरे धरून उभी राहायची. दादा म्हणायचे, घाबरू नका, लगेच दिसत नाही, पाढे म्हणा. मग आम्ही जागच्या जागी उभं राहून पाढे म्हणायचो. अकराचा होईपर्यंत जवळचं खोड दिसायला लागायचं, तेराला वेली, आणि सतराच्या सुमाराला सगळी राय चारी बाजूंनी वर आलेली असायची. काळं तसंच असायचं, पण त्या काळ्यात सगळं दिसायचं. मला तिथं फार बरं वाटायचं. तिथं मी कुणाला काळी दिसत नव्हते.

बाहत्तर साली शेवगावात पावसानं दडी मारली ती मारलीच. त्याच्या आदलं वर्षही कोरडंच गेलं होतं. जिकडं बघावं तिकडं पिवळी माती. पाण्यासाठी टँकरच्या मागं पळायचं. त्यातच उंदरांनी स्टुडिओचा पडदा कुरतडला आणि महालाच्या पायऱ्या खालून गेल्या. नवा पडदा करायचाच होता. हे म्हणाले, लोकांना आता महाल नको, हिरवं काही तरी पाहिजे, झाडीत बसल्यासारखं वाटलं पाहिजे. मी येता जाता रायीचं सांगायचे, ते त्यांच्या डोक्यात राहिलं असणार. एक दिवस जेवता जेवता म्हणाले, तुझ्या त्या रायीचा फोटो काढून आणू, पेंटर त्यावरून पडदा रंगवेल. मी न विचारता आणखी एक भाकरी त्यांच्या ताटात वाढली. लग्नाला सहा-सात वर्षं झाली होती आणि आम्ही दोघं मिळून शनिशिंगणापूरच्या पलीकडं कुठं गेलो नव्हतो.

सासूबाईंनी नाक मुरडलं, पाणी कोण भरणार म्हणाल्या, पण गौरी-गणपती उरकल्यावर आम्ही निघालोच. ह्यांनी एसटीत कॅमेऱ्याची पेटी मांडीवर घेतली ती खाली ठेवली नाही. काचांची दुसरी पेटी माझ्या मांडीवर. गाडी आदळली की हे माझ्याकडं बघायचे. आधी मला वाटायचं माझ्याचकडं बघतात, मग लक्षात आलं की पेटीकडं. देवळाली प्रवऱ्याच्या बाजूला कॅनॉलच्या कडेनं ऊस उभा होता, तो बघायला आमच्या गाडीतल्या बायका खिडक्यांपाशी सरकल्या. संगमनेर, अकोले, राजूर. राजूरला उतरलो तेव्हा बारीक भुरभुर चालू होती. मी पदर खाली घेतला आणि तशीच भिजत उभी राहिले. हे पेट्यांवर छत्री धरून ओरडत होते.

दुसऱ्या दिवशी दादा आम्हाला रायीत घेऊन गेले. हद्दीच्या दगडापाशी ह्यांनी चपला काढल्या आणि पिशवीतून फ्लॅशचे बल्ब काढले. दादांनी हळूच त्यांचा हात धरला. जावईबापू, आत उजेड करायचा नाही, म्हणाले. हे हसून म्हणाले, एक क्षणाचा तर उजेड, विजेसारखा, देवाला कळायचंसुद्धा नाही. दादा म्हणाले, देवाला न कळो, मला कळेल ना. बल्ब पिशवीत परत गेले आणि ह्यांचं तोंड उतरलं. उजेड नसेल तर फोटो कशाचा काढू, असं माझ्या कानात पुटपुटले.

आत शिरलो आणि हे थबकले. दादा म्हणाले, "थांबा. लगेच दिसत नाही. पाढे म्हणा." ह्यांना वाटलं सासरा थट्टा करतोय. पण मी म्हणायला लागले, दादाही म्हणायला लागले, तेव्हा हेही पुटपुटायला लागले. काही वेळानं त्यांचा आवाज बंद झाला. मी बघितलं तर मान वर करून, तोंड उघडं टाकून उभे होते. राय त्यांना दिसायला लागली होती. मला तेव्हा इतका अभिमान वाटला, की जणू ती झाडं मीच लावली होती.

पण कॅमेऱ्याला कुठले पाढे यायला? हे काळ्या कापडात डोकं घालायचे, बाहेर काढायचे, पुन्हा घालायचे. आतल्या काचेवर काहीच दिसेना. फोटो नीट यायचा तर आधी झाड त्या काचेवर रेखीव दिसायला पाहिजे, आणि तिथं नुसतं काळं. शेवटी दादांनी डोक्यावरची पांढरी टोपी काढून माझ्या हातात दिली. मी मोठ्या जांभळीच्या बुंध्यापाशी जाऊन टोपी खोडाला लावून धरली. तेवढा एक पांढरा ठिपका ह्यांना कापडातून दिसला आणि त्याच्यावरून त्यांनी भिंग सरकवून सरकवून जमवलं. पहिल्या काही काचा तशाच काढल्या. वारा आला की वेली हलायच्या, मग हे स्वतःशीच शिव्या द्यायचे, आणि दादा समोर आहेत हे आठवून गप्प व्हायचे.

शेवटची काच राहिली तेव्हा हे म्हणाले, तू तिथंच उभी राहा. झाड केवढं आहे ते पेंटरला माणसावरून कळेल. मी टोपी दादांकडं दिली, खोडाला पाठ टेकवली आणि पदर सारखा केला. हलू नकोस, म्हणाले. पापणीसुद्धा फार हलवू नकोस. बाकीच्या काचांना थोडा वेळ दिला, हिला जास्त देतो.

भिंगावरचं झाकण त्यांनी हातानं काढलं आणि हातातच धरलं. वेळ मोजायला पाढे घेतले, तेही मोठ्यानं. अकरापासून सुरुवात. स्टुडिओत एक-दोन-तीन म्हटलं की काम व्हायचं, इथं पाढ्यावर पाढे चालले होते. माझ्या पायावर मुंग्या चढल्या. डास कानापाशी गुणगुणत होते. मी हलले नाही. चौदा झाला, पंधरा, सोळा. सतराला ह्यांची गाडी अडकली. मधेच चुकले, मागं गेले, पुन्हा तिथंच चुकले. मी मास्तरची मुलगी, उत्तर माझ्या जिभेवर होतं, पण तोंड उघडलं तर फोटो बिघडणार. हसू दाबून मी उभी. दादा लांब उभे राहून दुसरीकडं बघत होते, त्यांचेही खांदे हलत होते. हे पुन्हा सतराच्या सुरुवातीपासून म्हणायला लागले.

आणि हा सगळा वेळ ते माझ्याकडं बघत होते. कॅमेऱ्यातून नाही, कापडातून नाही, उघड्या डोळ्यांनी. लग्न झाल्यापासून त्यांनी माझ्याकडं इतका वेळ कधी बघितलं नव्हतं. नवराबायको एकमेकांकडं बघतात कुठं हो? ताट वाढलं की बघतात, गुंडी तुटली की बघतात. मी त्या अंधारात त्यांना दिसत होते आणि त्यांच्या हातात पेन्सिल नव्हती. सतराचा पाढा कधीच पुरा होऊ नये असं मला वाटत होतं. झाला एकदाचा. त्यांनी झाकण लावलं. निघताना हद्दीपाशी आम्ही कपडे झटकले, ह्यांनी तर कॅमेऱ्याचं कापडही झटकलं.

शेवगावला परत आल्यावर हे अंधारखोलीत शिरले. सासूबाई त्या शनिवारी शिंगणापूरला गेल्या होत्या. दुपारी ह्यांनी वरून हाक मारली, अगं ये, लवकर ये. बाकीच्या काचा वाया गेल्या होत्या, कुठं नुसतं काळं, कुठं वेली हलून फराटे. शेवटची तेवढी आली होती. सतराचा पाढा चुकला, जास्त वेळ मिळाला, म्हणून आली. अंधारखोलीतल्या लाल दिव्याखाली त्यांनी ओला कागद माझ्यासमोर धरला.

पहिल्यांदा मला काहीच कळलं नाही. मग खोड दिसलं. मग वेली. मग त्या काळ्यात एक काळी बाई दिसली, खोडाला टेकलेली, हसू दाबून धरलेली, आणि डोळे जिवंत. ती मी होते. आरशात दिसते तशीसुद्धा नाही, रायीत होते तशी. मला रडू आलं, आणि लाल दिव्यात ते ह्यांना दिसलं नसावं.

"हा मला द्या," मी म्हणाले.

हे म्हणाले, हा कच्चा आहे, तुला दाखवायच्या घाईत हायपोत, फोटो पक्का करायच्या पाण्यात, नुसता बुडवून काढलाय, टिकायचा नाही. उजेडात ठेवू नकोस, तुला चांगला मोठा करून देईन. मी म्हटलं, कच्चा असू दे, हाच द्या. दिला त्यांनी. तो मी वाळवून लुगड्याच्या घडीत ट्रंकेत ठेवला.

सासूबाई आल्यावर ह्यांनी तो काढायला लावून त्यांनाही दाखवला. त्यांनी तो दारात नेला, लांब धरला, जवळ धरला. "ह्यात काय दिसतंय? नुस्ता अंधार हाय." पेंटरही तेच बोलला. म्हणाला, साहेब, ह्यावरून मी पडदा काय रंगवू, जरा उजळ करून द्या. लोक थांबून बघत नाहीत. हे थोडे खट्टू झाले, पण पेंटरचं म्हणणं त्यांना धंद्याच्या दृष्टीनं पटलं. त्यांनी उजळ करतो म्हटलं तेव्हा मी तिथंच चहाचे कप उचलत होते. त्या वेळी मी म्हणायला पाहिजे होतं, की ती काच तशीच राहू द्या, मला हात लावू नका, मला जशी आहे तशी राहू द्या. एवढी आळीशी भांडणारी बाई मी, आणि तिथं तोंडात मूग गिळून कप घेऊन खाली गेले. मला वाटलं, पडद्यासाठी काही तरी करतील, काचेला काय होतंय?

तेवढ्या दिवसांत मी काय करत होते तेही सांगते. घरात कुणी नसलं की मी ट्रंक उघडायचे, कागद काढायचे आणि खिडकीपाशी नेऊन बघायचे. दिव्यानं नीट दिसायचं नाही म्हणून खिडकी. रोज. कधी दिवसातून दोनदा. कागद हळूहळू तांबूस व्हायला लागला, मग चॉकलेटी. आधी डोळे गेले, मग हसू, मग खोड. उजेडानं कच्चा फोटो मरतो हे ह्यांनी सांगितलेलं मला कळलं होतं, तरी आज शेवटचं बघू, आज शेवटचं, असं करत मी बघत राहिले. दिवाळीपर्यंत कागद सगळा सारखा काळपट झाला होता. मला तेव्हा फार वाईट वाटलं नाही. काच आहे ना, असं मनात म्हणायचे.

पाडव्याला ओवाळायला पाट मांडला. मी ओवाळलं, आणि हे नेहमीसारखं ओवाळणी टाकायच्या ऐवजी उठून गेले आणि कागदात गुंडाळलेलं मोठं काही तरी घेऊन आले. फ्रेम केलेला फोटो. चांगला हातभर. राय अशी उजळ, की पानन् पान मोजावं. आणि झाडापाशी ती बाई. गोरी, गुळगुळीत, ओठांवर काही नाही, डोळ्यांत काही नाही. हे सांगत होते, काचेला आधी औषध दिलं, त्यानं सगळं उठून आलं, मग चेहऱ्यावर आठ दिवस पेन्सिल चालवली, इतकं बारीक काम आजपर्यंत कुणाचं केलं नाही. मी विचारलं, काच परत पहिल्यासारखी होते का? ते म्हणाले, छे, औषध लागलं की लागलं, आता असेच फोटो येणार, कितीही काढ. ते आनंदानं म्हणत होते. डोळे तांबारले होते त्यांचे, काम करून करून. सासूबाई म्हणाल्या, आता कसं, आता म्हंजी लई भारी.

"छान झालाय," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? सणाचा दिवस, हातात निरांजन, आणि समोर आठ दिवस माझ्यासाठी डोळे फोडून बसलेला माणूस. पण आत असं तुटलं, की ते अजून सांधलेलं नाही. पाढे म्हणत माझ्याकडं बघत होता त्या माणसाला शेवटी हीच बाई पाहिजे होती, असं मी धरून चालले. तेच धरून चाळीस वर्षं संसार केला. चांगला केला. मुलं झाली, सुना आल्या. पेंटरनं पडदा रंगवला तो पोपटी हिरवा, मधे तळं, तळ्यात दोन बदकं, आणि त्याच्यापुढं अख्ख्या तालुक्याच्या पोरी गोऱ्या होऊन बसल्या. मग रंगीत फोटो आले, पेन्सिलीचं काम संपलं, स्टुडिओ मुलाकडं गेला.

ह्यांच्या शेवटच्या वर्षात दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एकाचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं डॉक्टर नको म्हणाले. दिवसभर पुढच्या खोलीत कॉटवर बसून असायचे, समोर भिंतीवर तोच फोटो. एक दिवस संध्याकाळी मी दूध तापत ठेवलं होतं, आणि ह्यांनी विचारलं, "तो पहिला कच्चा प्रिंट आहे का गं तुझ्याकडं? रायीतला?"

मी चपापले. इतक्या वर्षांत त्यांनी त्याचं नाव काढलं नव्हतं. मला वाटायचं त्यांच्या लक्षातही नसेल. ट्रंकेतून कागद काढून त्यांच्या हातात दिला. काळपट, कोपरे दुमडलेले, त्यावर काहीही नाही. त्यांनी तो मांडीवर ठेवला आणि बघत बसले. डोळ्यांजवळही नेला नाही.

"दिसतेस," ते म्हणाले. "झाडाला टेकून उभी आहेस. हाच लावायला पाहिजे होता."

मला काय झालं कुणास ठाऊक. चाळीस वर्षं जे ऐकायचं होतं ते समोर आलं आणि माझा संताप झाला. आत्ता सांगताय? काच घालवून, माझं आयुष्य घालवून आत्ता? पण ते काहीच तोंडातून आलं नाही. तोंडातून आलं ते सासूबाईंचं वाक्य, "ह्यात काय दिसतंय? नुसता अंधार आहे."

ते चिडले नाहीत. कॉटच्या कडेवर हात ठेवून मला बसायला जागा करत म्हणाले, "लगेच दिसत नाही. थांब जरा. सतराचा म्हण."

स्वयंपाकघरातून दूध वर येत असल्याचा वास आला. आले हं, म्हणून मी उठले. गॅस बंद केला, ओटा पुसला, दुधावर झाकण ठेवलं, राग शांत होईपर्यंत उगाच दोन भांडी घासली. परत आले तर त्यांनी कागद पालथा घालून उशीपाशी ठेवला होता आणि डोळे मिटून घेतले होते. मी कागद उचलून ट्रंकेत ठेवला. त्यांनी पुन्हा मागितला नाही, आणि मीही काढला नाही. त्या थंडीत हे गेले. दूध तर त्या दिवशी उतू गेलंच होतं, माझ्या उठण्यानं वाचलं नव्हतं.

आता मला वेळच वेळ आहे. दुपारी सगळे आपापल्या खोलीत गेले की मी कागद मांडीवर घेते, अकरापासून सुरुवात करते आणि सतरापर्यंत येते. माझा एकही पाढा चुकत नाही. परवा मुलानं ती नवी फ्रेम आणली, तेव्हा राग गिळून मी हा कागद त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, हा लावशील का? त्यानं तो उलटसुलट केला, ट्यूबलाइटखाली धरला, आणि माझ्याकडं काळजीनं बघून विचारलं, आई, हे काय आहे? लगेच दिसत नाही, थांब जरा, असं मी त्याला म्हणायला पाहिजे होतं. पण ते कुठल्या तोंडानं म्हणू? मलाच त्यात अजून काही दिसलेलं नाही.